मृतांचा पडदा

मेलेल्या माणसाला पडदा असतो काय? हा प्रश्न वरवर पाहता विचित्र वाटेल. जो पाहत नाही, ऐकत नाही, लाजत नाही, त्याचा पडदा कसला? कायद्याच्या पुस्तकात याचे उत्तर सहज मिळत नाही. पण आपल्या वस्तीत मय्यतीला गुस्ल देणाऱ्या म्हाताऱ्याला विचारा, तो क्षणाचाही विचार न करता सांगेल की असतो. अंगावर चादर धरून पाणी घालायचे, गरजेपेक्षा जास्त पाहायचे नाही, आणि जे दिसले ते त्या चार भिंतींच्या बाहेर न्यायचे नाही. कुणाच्या पाठीवर जुना डाग असेल, कुणाच्या अंगावर लपवलेला आजार असेल. गुस्ल देणाऱ्याने तो पाहिला आणि तिथेच ठेवला. ही रीत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की तिच्यामागे काही तत्त्व आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

आम्हाला ही रीत एका फार दूरच्या कबरीमुळे नव्याने विचारात घ्यावी लागली. ती कबर आपल्या मुलखातली नाही, आपल्या धर्माची नाही, आणि आज जगात असलेल्या कोणत्याही धर्माची नाही. आयर्लंड देशात, डब्लिन शहराच्या उत्तरेला, मीथ परगण्यात बॉइन नावाची नदी वाहते. तिच्या वळणावर एक मोठा गोल टेकाड आहे. त्याला न्यूग्रेंज म्हणतात. हा टेकाड निसर्गाने केलेला नाही, तो माणसांनी रचला आहे. त्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० वर्षे, म्हणजे आजपासून पाच हजार वर्षांहून अधिक मागचा. इजिप्तमधील गिझाचा मोठा पिरॅमिड याच्यानंतर कितीतरी शतकांनी उभा राहिला. त्या लोकांजवळ लोखंड नव्हते, तांबेही नव्हते. दगडाच्या हत्यारांनी रान तोडून शेती करणारी, गुरे पाळणारी ती माणसे. या काळाला अभ्यासक नवाश्मयुग म्हणतात, आणि प्रचंड शिळांनी बांधलेल्या अशा वास्तूंना महापाषाणी थडगी.

आकडे सांगितल्याशिवाय त्या कामाची कल्पना येणार नाही. टेकाडाचा व्यास सुमारे ८५ मीटर आहे. पायथ्याला कडेने ९७ मोठ्या शिळा लावल्या आहेत आणि त्यांतील अनेकींवर वळसे, चौकटी, नागमोडी रेषा कोरल्या आहेत. एका बाजूने आत जाणारी अरुंद वाट आहे, सुमारे १९ मीटर लांबीची. तिच्या शेवटी तीन कोनाडे असलेली दालनासारखी जागा. दालनाचे छत दगडावर दगड थोडा थोडा आत सरकवत सहा मीटर उंच नेले आहे. चुना नाही, कमान नाही. तरीही पाच हजार वर्षांच्या आयरिश पावसात त्या छतातून पाणी आत आलेले नाही. दर्शनी बाजूची पांढरी गारगोटी दक्षिणेकडील विकलो भागातून आणलेली आहे आणि गोल ग्रॅनाइटी धोंडे उत्तरेकडील समुद्रकाठच्या डोंगराळ भागातून. ज्यांच्याकडे चाक नव्हते त्या माणसांनी आपल्या मृतांसाठी हे ओझे वाहिले.

आणि सर्वांत नवलाची गोष्ट पुढे आहे. वाटेच्या तोंडावर, दाराच्या वर, एक लहानसा झरोका ठेवला आहे. वर्षातला सर्वांत लहान दिवस डिसेंबरमध्ये येतो. त्या सुमारास पहाटे सूर्य उगवला की त्याचा किरण या झरोक्यातून शिरतो, सबंध वाट ओलांडतो आणि दालनाच्या जमिनीवर पडतो. सतरा मिनिटे उजेड राहतो, मग पुन्हा वर्षभर अंधार. दार बंद करण्यासाठी मोठी शिळा होती. म्हणजे दार माणसांसाठी बंद आणि झरोका सूर्यासाठी उघडा, अशी त्या बांधणाऱ्यांची योजना होती. त्या मृतांचा देव कोण होता, ते कोणत्या भाषेत दुआ मागत, हे सांगायला एक अक्षरही उरलेले नाही. पण वर्षातल्या सर्वांत अंधाऱ्या दिवसांत आपल्या माणसांपर्यंत उजेड पोहोचावा ही त्यांची इच्छा मात्र दगडात लिहिलेली आहे आणि ती कुणालाही वाचता येते.

अशा कबरीचे पुढे काय झाले? जे बहुतेक कबरींचे होते तेच. लोक विसरले. टेकाड खचला, माती घसरली, दार गाडले गेले. रोमन काळातली नाणी आणि सोन्याचे दागिने तिथे सापडले आहेत. म्हणजे बांधणारे संपून तीन हजार वर्षे उलटल्यावरही कुणीतरी या जागेला नजराणा वाहत होते. आयर्लंडच्या जुन्या कथांनी तिथे देवांची वस्ती मानली. बाराव्या शतकात ही जमीन मेलिफाँट येथील ख्रिस्ती मठाच्या शेतीत गेली आणि मठाच्या शेतवाडीला ‘ग्रेंज’ म्हणतात म्हणून आजचे नाव पडले. पुढे १६९९ साली जमीनमालक चार्ल्स कॅम्पबेल याला दगड हवे होते. त्याच्या मजुरांनी टेकाड फोडायला घेतला आणि अचानक दार उघडे पडले. लवकरच एडवर्ड लुइड हा वेल्समधला विद्वान तिथे आला आणि त्याने पाहिलेले लिहून ठेवले. त्यानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षे जो आला तो आत गेला. कुणी आपले नाव कोरले, कुणी काही उचलले, कुणी नुसते पाहून गेले. तीन कोनाड्यांत ठेवलेली हाडे विखुरली, तुडवली गेली.

शेजारच्या डाउथ नावाच्या टेकाडाचे हाल तर विद्वानांनीच केले. १८४७ साली रॉयल आयरिश अकादमीच्या वतीने तिथे खोदकाम झाले. टेकाडाच्या माथ्यावर आजही मोठा खड्डा आहे. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण कबरीला धोका फक्त अडाण्यांकडून असतो आणि शिकलेल्यांच्या हाती ती सुरक्षित असते, असा एक समज आहे. दगड नेणारा आणि ज्ञान नेणारा, दोघेही घाईत असले की कबरीच्या दृष्टीने त्यांच्यात फरक उरत नाही.

आता मूळ प्रश्न. या मृतांचा वारस कोण? सहज वाटेल की आजचे आयरिश लोक. पण गेल्या काही वर्षांत जुन्या हाडांतील डीएनए वाचण्याची विद्या आली आणि तिने वेगळेच सांगितले. न्यूग्रेंज बांधणाऱ्या शेतकऱ्यांनंतर, इसवी सनापूर्वी अडीच हजार वर्षांच्या पुढेमागे, युरोपच्या मुख्य भूमीकडून दुसरे लोक आले आणि आयर्लंडची वस्ती मोठ्या प्रमाणात बदलली. आजच्या आयरिश माणसाचे रक्त बरेचसे या नंतर आलेल्यांचे आहे. म्हणजे न्यूग्रेंजच्या मृतांना रक्ताचा सरळ वारस नाही, भाषेचा नाही, श्रद्धेचा नाही. आपल्या शब्दांत सांगायचे तर ती लावारिस मय्यत आहे.

लावारिस मय्यतीबद्दल आपल्याकडे जी समज आहे ती या जागी फार उपयोगी पडते असे आम्हाला वाटते. एखादा अनोळखी माणूस वस्तीत मरून पडला, तर त्याचे कफन-दफन कुणी करायचे? फर्ज-ए-किफायाचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे. चार जणांनी केले तर सर्वांची सुटका, कुणीच केले नाही तर सारी वस्ती गुन्हेगार. लावारिस याचा अर्थ ‘कुणाचाच नाही’ असा होत नाही. त्याचा अर्थ ‘सर्वांच्या जिम्मेदारीचा’ असा होतो. आणि जिम्मेदारी म्हणजे मालकी नव्हे. ज्याने लावारिस मय्यत दफन केली त्याला तिच्या खिशातल्या वस्तूंवर हक्क मिळत नाही. युनेस्कोने १९९३ साली बॉइन नदीकाठच्या या परिसराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ‘जागतिक वारसा’ हा शब्द ऐकायला छान आहे. पण वारसा म्हटले की आपल्याला काय मिळणार हे आधी आठवते आणि काय देणे लागतो हे मागाहून. आम्हाला त्यापेक्षा अमानत हा शब्द जवळचा वाटतो. अमानत वापरता येत नाही, सांभाळावी लागते.

यावर कुणी म्हणेल, मग कबर उघडूच नये, हाच सरळ मार्ग. तो आदरणीय विचार आहे, पण न्यूग्रेंजच्या बाबतीत तो पुरेसा नाही. १६९९ नंतर ती कबर उघडी पडलेलीच होती. प्रश्न फक्त एवढा होता की ती हळूहळू मोडू द्यायची की समजून घेऊन सावरायची. मायकेल ओ’केली या पुरातत्त्वज्ञाने १९६२ ते १९७५ या काळात तिथे काम केले. गावात एक बोलवा होती की वर्षातून कधीतरी सूर्य आतल्या कोरीव दगडापर्यंत पोहोचतो. ते पाहिलेला कुणी भेटत नव्हता. लोक इंग्लंडमधल्या स्टोनहेंजची गोष्ट इथे लावत असावेत, असे आधी वाटले. पण ओ’केली यांनी ती बोलवा फेकून दिली नाही. २१ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ते एकटे आत जाऊन अंधारात बसले, आणि उजेड आला. माती उकरल्याशिवाय झरोका मोकळा झाला नसता आणि झरोका मोकळा झाल्याशिवाय त्या मृतांपर्यंत त्यांचा सूर्य पोहोचला नसता. एका अर्थाने खोदणाऱ्याने त्यांची वसियत पुरी केली. तेव्हा कबरीला लागणारा प्रत्येक हात दुष्ट नसतो हे मान्य करावे लागते.

याच ओ’केलींनी आणखी एक गोष्ट केली आणि तिच्यावर आजही वाद आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर पांढऱ्या गारगोटीचा थर सापडला. हे दगड मूळच्या उभ्या भिंतीतून खाली पडले असावेत, असे त्यांचे अनुमान. त्यांनी काँक्रीटचा आधार देऊन ती पांढरी भिंत पुन्हा उभी केली. आज न्यूग्रेंजच्या प्रत्येक चित्रात तीच भिंत चमकते. काही अभ्यासकांचे म्हणणे असे की दगडाच्या हत्यारांच्या काळात एवढी सरळ उभी भिंत टिकलीच नसती आणि गारगोटी मुळातच जमिनीवर अंथरलेली असावी. जवळच्या नाउथ येथे जॉर्ज ओगन यांनी खोदकाम केले तेव्हा तशीच गारगोटी मिळाली. ती त्यांनी जमिनीवरच ठेवली. एकाच खोऱ्यातल्या दोन कबरी, एकाच जातीचा दगड, आणि दोन वेगळे निर्णय. न्यूग्रेंजला आपण एक अंदाज घातलेला आहे. तो खरा असेलही, पण चुकला असेल तर पाहणाऱ्याला ते कळायची सोय राहिलेली नाही. नाउथला ‘एवढेच सापडले’ असे सांगून हात आवरला आहे. मय्यतीला कफन पांढरेच असते, पण ते आपल्या हौसेचे नसते.

येथपर्यंत दगडांची गोष्ट झाली. खरी परीक्षा पुढे आहे. ओ’केलींना दालनात निदान पाच माणसांच्या अवशेषांचे तुकडे सापडले होते. काही जळालेले, काही न जळालेले. त्यांतील एका पुरुषाच्या कवटीच्या कानाजवळच्या घट्ट हाडातून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील लारा कॅसिडी, डॅन ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए काढला. २०२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या माणसाचे आईबाप एकमेकांचे अगदी जवळचे रक्ताचे होते. ते बहीणभाऊ असावेत किंवा बाप-लेक, आई-मुलगा. अभ्यासकांनी पुढचे पाऊल टाकले. असे संबंध कुठल्याही समाजात निषिद्ध असतात. फक्त स्वतःला देवाच्या जवळचे मानणाऱ्या राजघराण्यांत, जसे प्राचीन इजिप्तमध्ये, त्यांना मान्यता मिळालेली दिसते. म्हणून न्यूग्रेंजमध्ये असे राजघराणे असावे, असा त्यांनी तर्क केला. डाउथ टेकाडाविषयी मध्ययुगात लिहिलेली एक कथा आहे. एक राजा टेकाड बांधत होता, त्याच्या बहिणीने जादूने सूर्य थांबवून ठेवला, राजाने बहिणीशी संग केला आणि अंधार पडला. अभ्यासकांनी या कथेचीही आठवण दिली. वृत्तपत्रांना मग काय हवे होते? जगभर मथळे झळकले. पाच हजार वर्षे निनावी झोपलेल्या एका माणसाची ओळख एका दिवसात सगळ्या दुनियेला झाली, आणि ती त्याच्या आईबापांच्या बिछान्यावरून झाली.

२०२५ साली ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात दुसऱ्या अभ्यासकांनी या साऱ्याची पुन्हा तपासणी केली. डब्लिनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजमधील जेसिका स्मिथ त्यांत प्रमुख होत्या. डीएनए चुकला असे त्यांनी म्हटले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की हाडाचा तुकडा एक आहे आणि त्यावर राजघराणे उभे केले आहे. ते दालन १६९९ पासून उघडे होते, हाडे हलली आहेत, तो माणूस कुठे आणि कसा ठेवला होता हे नक्की सांगता येत नाही. त्या काळच्या आयर्लंड-ब्रिटनमधील इतर अवशेषांत असे आईबाप कुठे आढळत नाहीत. इतर थडग्यांतील ज्यांना त्याचे नातलग म्हटले ती नाती फार लांबची आहेत, त्यावरून एक घराणे सिद्ध होत नाही. एवढा मोठा टेकाड बांधायला राजाच लागतो असेही नाही, माणसे मिळूनही बांधतात. म्हणजे हाडाने एक गोष्ट सांगितली होती आणि आपण दहा ऐकल्या.

आता गुस्ल देणाऱ्या म्हाताऱ्याला या ठिकाणी उभे करून पाहू. तो काय म्हणाला असता? आम्हाला वाटते, तो आधी विचारता झाला असता की हे जगाला सांगणे जरूर होते काय?

यावर पहिला आक्षेप असा की पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची बदनामी कसली? त्याला नाव नाही, नातलग नाहीत, त्याला इजा होत नाही. हे खरे आहे. पण ‘त्याला कुणी विचारणारे नाही’ ही दलील आपण जरा सावधपणे ऐकावी. जिवंत माणसांच्या बाबतीतही ती नेहमी हीच असते. ज्याच्या मागे कुणी नाही त्याचे आजारपण शिकाऊ डॉक्टरांच्या घोळक्यासमोर उघडे केले जाते, ज्याच्याकडे वकील नाही त्याच्या घरची भानगड वर्तमानपत्रात येते. पडदा राखण्याची खरी कसोटी दुबळ्याच्याच बाबतीत लागते, आणि मृताइतका दुबळा दुसरा कोण? आयर्लंडचाच चार्ल्स बर्न नावाचा एक अतिशय उंच माणूस १७८३ साली लंडनमध्ये मेला. आपला देह चिरफाड करणाऱ्यांच्या हाती पडू नये, समुद्रात सोडावा, ही त्याची इच्छा लोकांना ठाऊक होती. तरीही जॉन हंटर या शल्यविशारदाने तो देह मिळवला आणि सांगाडा कपाटात उभा केला. दोनशेहून अधिक वर्षांनी, २०२३ मध्ये, लंडनच्या हंटेरियन संग्रहालयाने तो प्रदर्शनातून काढला. समुद्र मात्र त्याला अजून मिळालेला नाही. ज्याने स्पष्ट बोलून ठेवले त्याची ही कथा, तर ज्याचे बोलणेच आपल्यापर्यंत पोहोचले नाही त्याने कुणाकडे पाहावे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सत्य लपवायचे काय? इल्म ही काही गुन्ह्याची गोष्ट नाही. या आक्षेपाला उत्तर देताना आपल्या रीतीकडे नीट पाहिले पाहिजे, कारण तिच्यात एक बारकावा आहे. गुस्ल देणाऱ्याने ऐब झाकावा, जुलूम झाकू नये. अंगावर आजाराचा डाग दिसला तर त्याने गप्प राहायचे, पण गळ्यावर फासाचा वळ दिसला तर त्याला गप्प राहता येत नाही. म्हणजे पडदा हा खोटे बोलण्यासाठी नसतो. जे सांगितल्याने कुणाचे भले होत नाही आणि मृताची फक्त नाचक्की होते, तेवढ्यापुरता तो असतो. मृताला जे सांगायला हवे होते पण सांगता आले नाही, ते सांगणे हा त्याच्या हक्काचाच भाग आहे.

याचा दाखला त्याच २०२० च्या संशोधनात आहे आणि मथळ्यांच्या गलक्यात तो मागे पडला, याचे आम्हाला वाईट वाटते. आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर परगण्यात बरेन नावाचे खडकाळ माळरान आहे. तिथे पूलनाब्रोन येथे दोन-तीन उभ्या शिळांवर एक आडवी शिळा ठेवलेले, न्यूग्रेंजहूनही जुने थडगे आहे. तिथे ठेवलेल्यांमध्ये एक तान्हा मुलगा होता, सुमारे सहा महिन्यांचा. त्याच्या डीएनएवरून कळले की त्याला डाउन सिंड्रोम होता. आजवर माहीत असलेले हे त्याचे सर्वांत जुने खात्रीचे उदाहरण. त्याच्या हाडांवरून हेही दिसते की तो आईच्या दुधावर वाढत होता. म्हणजे साडेपाच हजार वर्षांपूर्वी, ज्या मुलाचा चेहरा, ज्याची हालचाल इतरांपेक्षा वेगळी असणार, त्याला त्या माणसांनी टाकून दिले नाही. त्याला छातीशी धरले आणि तो गेल्यावर मानाच्या जागी ठेवले. ज्या घरात असे मूल आहे त्या घरातल्या आईला ही बातमी कळणे किती मोलाचे आहे! इथेही मृताच्या देहातले गुपित उघडे झाले. पण त्या उघड होण्याने त्या बाळाची इज्जत वाढली आणि त्याच्या आईची गवाही जगापुढे आली.

एकाच प्रयोगशाळेने, एकाच विद्येने, एकाच लेखात दोन हाडे वाचली. मग दोष विद्येचा नाही. मग न्यूग्रेंजच्या माणसाविषयी मौनच पाळायला हवे होते काय? आम्ही तसे म्हणणार नाही. नवाश्मयुगातील माणसे एकमेकांशी कशी बांधलेली होती, ती कुठून आली, त्यांच्यात उच्चनीच होते काय, हे जाणून घेणे हा जायज प्रश्न आहे आणि त्या हाडात त्याच्या उत्तराचा एक अंश होता. तो अंश अंश म्हणून सांगायला हरकत नव्हती. चूक सुरू झाली ती अंशाला कथा चिकटली तेव्हा. हाडात जनुके असतात, हाडात पाप नसते. त्या आईबापांचा संबंध राजाच्या गर्वाने झाला, की देवाच्या नावाने, की एखाद्या मुलीवर घरातच झालेल्या जबरदस्तीने, हे हाड सांगत नाही. हा तिसरा विचार मनात येताच तर मथळा लिहिणाऱ्याचा हात थांबायला हवा होता. कदाचित ती गोष्ट एखाद्या राजाच्या वैभवाची नसून एखाद्या स्त्रीच्या दुःखाची असेल. आपल्याला माहीत नाही, आणि जिथे माहीत नाही तिथे चादर ओढून घेणे हाच आदब.

तेव्हा आम्हाला तीन गोष्टी ठरवता येतात असे वाटते. पहिली, गरज. कबरीतून काही काढण्याआधी विचारावे की हे कशासाठी. कुतूहल पुरेसे नाही, दुसऱ्या कुणाचे अज्ञान किंवा दुःख यातून कमी होणार आहे काय? दुसरी, मर्यादा. हाडाने जेवढे सांगितले तेवढेच बोलावे. ‘असावे’ या शब्दाला लाजू नये, तो प्रामाणिक माणसाचा शब्द आहे. तिसरी, परतफेड. जे उघडले त्याची राखण करावी आणि शक्य असेल तिथे मृताला त्याची जागा परत द्यावी. अमेरिकेत १९९६ साली केनविक गावाजवळ नदीकाठी साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा सांगाडा सापडला. मूलनिवासी जमाती त्याला आपला पूर्वज म्हणत होत्या आणि शास्त्रज्ञ अभ्यासासाठी तो मागत होते. वर्षानुवर्षे खटले चालले. २०१५ साली डीएनएनेच सांगितले की जमातींचे म्हणणे खरे होते, आणि २०१७ मध्ये त्याला पुन्हा जमिनीत ठेवण्यात आले. विद्येनेच वारस दाखवून दिला आणि विद्येनेच मग हात मागे घेतला, असेही घडू शकते.

ही सगळी दूरदेशची चर्चा आहे असे वाचकांनी समजू नये. महापाषाणी कबरी आपल्या महाराष्ट्रातही आहेत. नागपूरजवळ जुनापाणी येथे आणि विदर्भात इतरत्र मोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. त्यांच्या पोटात माणसांचे अवशेष, लोखंडी हत्यारे, कुठे कुठे साज चढवून पुरलेले घोडे सापडले आहेत. ती न्यूग्रेंजइतकी जुनी नाहीत, नवाश्मयुगातली नसून लोहयुगातली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली आहेत. पण त्यांचेही वारस आज कुणी उरलेले नाहीत. बॉइनकाठचा सूर्यकिरण पाहायला दरवर्षी हजारो लोक अर्ज करतात आणि चिठ्ठी टाकून मोजक्यांना आत सोडतात. आपल्याकडच्या शिलावर्तुळांतून शेताचे बांध जातात, वस्ती चढते, आणि दगड उचलणाऱ्याला ती कबर आहे हे ठाऊकही नसते. लावारिस मय्यतीची जिम्मेदारी वस्तीची असते हे खरे असेल, तर ही वस्ती आपलीच आहे.

आणखी एक गोष्ट. जिवंतांची भांडणे मिटत नाहीत तेव्हा माणसे कबरींकडे वळतात. कुणाला एखाद्या कबरीतून आपले थोरपण काढायचे असते, कुणाला दुसऱ्याचे पाप. मग मृताला विचारता येत नाही म्हणून त्याच्या तोंडी हवे ते घालता येते. त्याला राजा करता येते, राक्षस करता येते. आम्ही जेव्हा म्हणतो की आमच्या कबरींचा मान राखा, तेव्हा त्या मागणीला वजन येते ते आम्ही दुसऱ्यांच्या कबरींचा, अगदी ज्यांचा देवही आम्हाला माहीत नाही अशांच्या कबरींचा, मान राखतो तेव्हाच. आपल्याच मृतांपुरता जो आदर असतो तो आदर नसून नातेवाईकी असते.

आणि स्वतःच्या घरातही पाहावे. मय्यत अजून अंगणातून उठलेली नसते आणि ओसरीवर सुरू होते की त्याने कुणाचे पैसे बुडवले, तिचे सासरी का पटले नाही. तिथे डीएनए लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, जीभ पुरते. गुस्ल देणाऱ्याने आत जो पडदा राखला तो आपण बाहेर फाडतो. कर्ज असेल तर ते सांगावे आणि फेडावे, तो हक्काचा मामला आहे. बाकीचे मातीबरोबर जाऊ द्यावे.

न्यूग्रेंज बांधणाऱ्यांनी दार मिटले होते आणि झरोका ठेवला होता. मृतांशी कसे वागावे, याचा तो पाच हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आम्हाला आजही पटतो. त्यांच्यापर्यंत उजेड जाऊ द्यावा. हात घालायची वेळ आलीच, तर तो गुस्ल देणाऱ्याचा असावा.